हात जोडता येत नव्हते तेव्हा

चप्पल

आजार आल्याचं मला कळायच्या आधी अंगणवाडीतल्या पोरांना कळलं. खिचडी वाटून मी हात धुवायला बाहेर गेले आणि परत आले, तर दारात बसलेली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुमची एक चप्पल नळापाशीच ऱ्हायली." खाली बघितलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल कधी निसटली, पायाखाली फरशी लागतेय का माती, काहीच समजलं नव्हतं. पोरं हसली. मीही हसले आणि चप्पल घालून आले.

माझं नाव छाया. ढोकीजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. तेव्हा गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. माझे मालक ट्रॅक्टर चालवतात. उसाच्या ट्रॉल्या ओढत कारखान्यावर जायचे आणि नंबर लागेपर्यंत रांगेतच डुलक्या काढायचे. घरी आले की जेवून आडवे. म्हणून पायाला मुंग्या येतायत हे मी त्यांना सांगितलंच नाही. काही दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं, त्याचाच अशक्तपणा असेल असं धरून चालले. संध्याकाळी भाकरी करून उठायला गेले तर उठता येईना. भिंतीला धरून उठले. दुसऱ्या दिवशी भिंत धरूनही जमेना. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. पुढच्या सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा मालकांनी मला उचलून जीपमध्ये घातलं.

हे आता लिहायचं कारण सांगते. मी पडून होते तेव्हा माझी नणंद वॉर्डात, गावात, फोनवर, दिसेल त्याला विचारत होती की या आजारातून उठलेलं कुणी माहीत आहे का. तिला एकही माणूस भेटला नाही. कुणी तरी तसंच विचारत फिरत असेल, तर त्याला मी सापडावी.

कारण

धाराशिवच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली. पाय हलला नाही. त्यांनी परत मारली आणि सोलापूरला न्यायची चिठ्ठी लिहिली. सोलापुरात पाठीतलं पाणी काढलं, हातापायांना बारीक करंट देऊन बघितला. मग दुपारी एक तरुण डॉक्टरबाई खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसल्या. तोवर सगळे उभ्यानंच बोलून जात होते, म्हणून त्यांचं बसणं माझ्या ध्यानात राहिलं.

त्या म्हणाल्या, याला जीबीएस म्हणतात. पोटात जंतू गेले, शरीराचं सैन्य त्यांच्यावर धावलं आणि चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडलं.

मी विचारलं, "मी चालंन का?"

"बहुतेक पेशंट चालतात. कधी, ते मी सांगू शकत नाही. आधी अजून वाढेल. श्वासापर्यंत गेलं तर मशीन लावू. घाबरू नका असं मी म्हणणार नाही, पण आम्ही इथं आहोत."

घाबरू नका असं त्या म्हणाल्या नाहीत, याचा मला फार आधार वाटला.

त्याच संध्याकाळी एक चुलत सासूबाई भेटायला आल्या आणि उसासा टाकून म्हणाल्या की मागच्या जन्मी काय पाप केलं असेल कुणास ठाऊक. माझ्या नणंदेनं त्यांना चहा प्यायला म्हणून बाहेर नेलं ते परत आत आणलंच नाही.

पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मीच का, हा प्रश्न माझाही चालूच होता. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आवाज चांगला म्हणून कित्येक वर्षं वाचायला मीच बसते. शिवाय दर रविवारी अभ्यासवर्ग असतो. तो एक निवृत्त शिक्षक घेतात, त्यांना आम्ही गुरुजीच म्हणतो. गुरुजी पाठांतर विचारत नाहीत. या आठवड्यात घरात, शेतात, बाजारात बुद्धाचं काय उपयोगाला आलं, तेवढंच विचारतात. कुणी सांगतं, सासूला उलट बोलणार होते, थांबले. कुणी सांगतं, काहीच आलं नाही. तेही चालतं.

त्या वर्गात आम्ही शिकलो होतो की प्रत्येक गोष्ट कारणानं घडते आणि कारणं मिळून येतात. इथं कारण तर डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पोटातले जंतू आणि वाट चुकलेलं सैन्य. त्यात मागचा जन्म नव्हता, कुणाची नजर नव्हती, माझा गुन्हाही नव्हता. कारण होतं, गुन्हेगार नव्हता. त्यानं भीती गेली नाही. पण एक ओझं खाली उतरलं, आणि आजाराच्या पहिल्याच दिवसांत तेवढं उतरणं मोठं असतं.

आवाज

चार-सहा दिवसांत हात गेले, मग चेहरा गेला. डोळे पूर्ण मिटेनात, पाणी गिळता येईना, नाकातून नळी घातली. आयसीयूत दिवसातून कितीतरी वेळा सिस्टर यायच्या आणि एका श्वासात आकडे मोजायला सांगायच्या. जितका श्वास कमी तितके आकडे कमी. मी मोजताना त्या माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि मी त्यांच्या. आदल्या वेळेपेक्षा दोन आकडे कमी आले की मला वाटायचं, आता मशीन.

आनापान मला येत होतं. श्वास आत येतो, बाहेर जातो, नुसतं बघायचं. विहारात डोळे मिटून बसलं की किती सोपं वाटायचं. इथं श्वासाकडं लक्ष गेलं की छाती आवळायची. हा पुरेल का, पुढचा येईल का. इतकी वर्षं केलं ते ऐन वेळी कामाला येईना, याचं दुःख आजारापेक्षा जास्त झालं.

गुरुजींचा फोन आला तेव्हा नणंदेनं तो माझ्या कानाला धरला. मी तुटक तुटक सांगितलं की श्वास बघवत नाही, भीती वाटते.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तर मग श्वास सोडून द्या, बाई. आवाज ऐका. दवाखान्यात आवाज लई असतात. आला आवाज, गेला आवाज, तेवढंच."

मला वाटलं होतं ते धीर धरा म्हणतील. त्यांनी काम दिलं. मग मी ऐकू लागले. मशीनची टिक, ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक, मावशींच्या झाडूची फरफर, लांब कुठंतरी लिफ्टचं दार. प्रत्येक आवाज यायचा, असायचा आणि संपायचा. त्या वेळात श्वास आपला आपण चालू असायचा. मशीन लागलं नाही. ते औषधानं झालं, माझ्या ऐकण्यानं नाही, हे स्पष्ट लिहिते. ऐकण्यानं फक्त ते दिवस निघाले.

खाज

हात हलत नसला की सगळ्यात मोठा छळ वेदनेचा नसतो, खाजेचा असतो. नाकाच्या शेंड्याला खाज सुटते आणि तुमचे दोन्ही हात शेजारीच, परक्याच्या वस्तूसारखे पडलेले. हाक मारावी तर एव्हाना आवाजही फुटत नाही. पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कानात गेलं, मग कानाला खाज.

मग एकदा, दुसरं काही करताच येत नव्हतं म्हणून, मी त्या खाजेकडं नीट बघितलं. आधी ती वाढली. आता सहन होणार नाही इथपर्यंत वाढली. तिथं थोडी थांबली. मग कडेनं विरत गेली. मी खाजवलं नव्हतं, तरी गेली.

अनित्य हा शब्द मी विहारात किती मोठ्यानं वाचत असे. फुलं कोमेजतात, राजे जातात, असं काहीतरी मनात यायचं. तो शब्द माझ्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

आक्का

नणंदेबद्दल आता नीट सांगायला हवं. मालकांची ही थोरली बहीण, आम्ही आक्का म्हणतो. मुरूमच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान सुनेवर सोडून त्या आल्या आणि मी घरी जाईपर्यंत हलल्या नाहीत. आवाज बाजारातला. मला झाडा झाला की नाही हे त्या आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सिस्टरांना सांगायच्या. कूस बदलताना खसकन ओढायच्या. केस विंचरताना गुंता तोडायच्या. विहारात त्या कधी येत नाहीत. "तुमचं ते डोळं मिटून बसणं मला न्हाय जमत, मला झोप लागती," असं स्पष्ट म्हणतात.

मला त्यांचा राग यायचा. ज्या माणसाशिवाय तुमचं पाणीही हलत नाही, त्याचाच राग येतो, आणि तो व्यक्त करता येत नाही म्हणून दुप्पट येतो. आजारी माणसानं कृतज्ञ असावं असं सगळ्यांना वाटतं. मी चोवीस तास कृतज्ञ नव्हते. तुम्हीही नसाल तर स्वतःला वाईट समजू नका.

पौर्णिमा आली. दर पौर्णिमेला आम्ही घरी त्रिसरण-पंचशील म्हणतो. मी मनात म्हणायला लागले आणि सवयीनं हात जोडायला गेले. हात आले नाहीत. इतके दिवस हात नाहीत हे माहीत होतं, पण त्या क्षणी ते खरं झालं. मी रडायला लागले. माझा चेहरा हलत नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं.

आक्कांनी विचारलं, काय दुखतंय. मी जेमतेम हलणाऱ्या ओठांनी सांगायचा प्रयत्न केला. त्यांना दोनदा कळलं नाही, तिसऱ्यांदा कळलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. आयुष्यभर बायकांचे हात हातात घेतलेली ती बाई. त्यांनी माझा एक हात उचलला, अंगठ्याखाली दाबून तो बांगडी भरताना करतात तसा मऊ केला, मग दुसरा. दोन्ही तळवे एकमेकांना लावले आणि बाहेरून आपल्या दोन्ही हातांनी धरून ठेवले.

"म्हण आता," त्या म्हणाल्या. "मी धरलेत."

मी मनात म्हटलं. त्यांना शब्द येत नव्हते, त्या नुसत्या धरून बसल्या. संपलं हे त्यांना कसं कळलं माहीत नाही, पण बरोबर वेळेला सोडले. मैत्री, म्हणजे सगळ्यांबद्दलची माया, या विषयावर मी विहारात दोनदा भाषण केलेलं आहे. आता करणार नाही.

दाराबाहेर

मालक आत येत नव्हते. मला उचलून आणलं, भरती केलं, आणि त्यानंतर वॉर्डाच्या दारापर्यंत यायचे. औषधं आणून द्यायचे, डबा द्यायचे, आक्कांशी बोलायचे. मला त्यांची पाठ दिसायची. इतकी वर्षं संसार केला आणि हा माणूस दहा पावलं चालून येत नाही, हे माझ्या मनात रोज घट्ट होत गेलं.

शेवटी मी आक्कांना विचारलं. तोवर थोडा आवाज फुटला होता. त्यांनी आधी टाळलं, मग सांगितलं. मालक लहान असताना त्यांचे वडील असेच दवाखान्यात होते. आई गावी, आक्का सासरी. वडील गेले तेव्हा जवळ हा एकटा. त्यानंतर कुणालाच दवाखान्यात बघायला तो गेलेला नाही.

"जिन्यात बसतोय दिवसभर," आक्का म्हणाल्या. "आतनं कुणीबी आलं की इचारतोय, तिचा हात हालला का."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. मी माझंच दुःख बघत होते. दुःख आहे हे पहिलं सत्य आम्ही शिकतो, पण ते फक्त आपल्याला आहे असं कुणी शिकवलेलं नसतं. ते आपण आपल्याच मनानं धरून बसतो.

मी निरोप दिला की यायलाच पाहिजे असं नाही. दोन दिवसांनी ते आले. पलंगापाशी उभे राहिले आणि वरच्या मशीनवरचे आकडे बघत राहिले. बराच वेळ माझ्याकडं बघितलंच नाही. मग विचारलं, "रागावलीस का?"

मी म्हटलं, "तोंड हालत न्हाय माझं. म्हणून तसं दिसतंय."

खरं तर रागही होता. पण तो सांगायची ती वेळ नव्हती, आणि थोड्या वेळानं तो उरलाही नाही.

"पाय दाबू का?"

त्या दिवसांत पायाला चादर लागली तरी आग व्हायची. मी म्हटलं, "दाबू नका. नुसता हात ठेवा."

त्यांनी हात ठेवला. आग झाली. मी ठेवू दिला.

शेजारची आज्जी

आयसीयूतून बाहेर काढलं तेव्हा शेजारच्या खाटेवर सीमेकडच्या गावची एक आज्जी होती. गळ्यात लिंग, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी. साखरेनं तिचा पाय खराब झाला होता. मला ती 'मगळ' म्हणायची, म्हणजे लेक. मी बोट हलवायचा प्रयत्न करत असले की ती खाटेवरून बघत राहायची, आणि पहिल्यांदा माझा उजवा अंगठा हलला तेव्हा माझ्या आधी तिनंच आक्कांना हाक मारली.

तीन-चार दिवसांनी सकाळी तिला तपासणीला म्हणून नेलं आणि ती परत आली नाही. दुपारी तिच्या गादीवर नवीन चादर होती, संध्याकाळी नवीन पेशंट. ती बाई चांगली होती, पण मला तिच्याकडं बघवेना.

खाज गेली तेव्हा अनित्य मला फार आवडलं होतं. आज्जी गेली तेव्हा अजिबात आवडलं नाही. गुरुजींना फोनवर तसं सांगितलं. ते म्हणाले, "आवडायला पाहिजे असं कुठं म्हटलंय." मग मी आज्जीसाठी मोकळेपणानं रडले.

घर

घरी आणलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की संपलं. उलट तिथं खरं अवघड होतं. दवाखान्यात सगळेच आजारी असतात. घरी एकटी तुम्हीच असता, आणि बाकीचं घर चालत असतं.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम शिकवले, ते रोज मालक करून घ्यायचे. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणून ते घरी होते. त्यांना घाई असायची. कालच्यापेक्षा आज जास्त झालं पाहिजे. मला दुखायचं, मी ओरडायचे, ते उठून जायचे. एकदा तर दोघंही दिवसभर बोललो नाही. मग संध्याकाळी मी ठरवलं की बोलायचं तर खरं, पण टोचेल असं नाही. वर्गात त्याला सम्यक वाचा म्हणतात, घरात त्याला नाव नसतं. मी म्हटलं, "मला आज कालच्यापेक्षा कमी आलं तरी चालंल. तुमाला चालंल का, ते बघा."

ते म्हणाले, "मला भ्या वाटतं, हितंच थांबंल म्हणून."

"मलाबी वाटतं."

त्यानंतर व्यायाम बरा होऊ लागला. आधी दोघांनी मिळून थोडं भ्यायचं, मग पाय उचलायचा, असं चाललं.

मी कशी उभी राहिले याचा एक दिवस सांगता येत नाही. आधी उशीशिवाय बसले. मग चमचा तोंडापर्यंत गेला, वाटेत अर्धी आमटी सांडून. मग खुर्ची धरून उभी, वॉकर, काठी. पुढं आलं आणि मागं गेलं असंही झालं. अंगणवाडीत परत गेले तेव्हा पोरांनी काठीवरून भांडणं केली, कुणी धरायची म्हणून. आजही माझ्या तळपायाला सकाळी मुंग्या येतात आणि दमले की डावा पाय घासतो. बरी झालीस का असं विचारलं तर मी हो म्हणते, कारण ते खरं आहे.

कुणी विचारतं, बुद्धाचा अभ्यास होता म्हणून बरी झालीस का. नाही. औषधानं, डॉक्टरांनी आणि आक्कांनी बरी झाले. अभ्यासानं एवढंच केलं की जे आलं होतं त्यात मी स्वतः जी आणखी भर घातली असती, ती थोडी कमी घातली.

तेरखेड्याची पोरगी

गेल्या महिन्यात एक फोन आला. तेरखेड्याची एक मुलगी, लग्न होऊन वर्ष झालेलं, फटाक्यांच्या कारखान्यात कामाला जायची. तिला हाच आजार झालाय आणि सोलापुरात ठेवलंय. नवऱ्यानं कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. तो एवढंच विचारत होता की तुम्ही खरंच चालता का. मी म्हटलं, येऊन दाखवते.

मालक मोटारसायकलवर घेऊन गेले. वाटेत मी काय काय सांगायचं ते जुळवत होते. पण तिच्याजवळ गेले तेव्हा तिनं माझ्या पायांकडं बघितलं, वर तोंडाकडं बघितलं, परत पायांकडं बघितलं. जुळवलेलं सगळं तिथंच राहिलं. तिच्या खाटेभोवती एक चक्कर मारली, काठी घेऊन, हळू. ती बघत होती म्हणून आणखी एक मारली. ओठ थोडे हलवून तिनं विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, "आता थोडंच." तिनं डोळे मिटले, म्हणजे जेवढे मिटत होते तेवढे.

बाहेर आले तर मालक दिसेनात. जिन्याच्या वळणावर त्यांचा आवाज आला. तिचा तो पोरसवदा नवरा पायरीवर डोकं धरून बसला होता आणि मालक त्याच्या शेजारी. मी वरच थांबले.

"मला आत जायला लई दिस लागलं," मालक सांगत होते. "गेलो तरी वरच्या मशीनकडंच बघत हुतो. तू तसं करू नको. तिच्या तोंडाकडं बघ. ते हालत न्हाय, पर ती आत हाय."

मुलगा काहीतरी पुटपुटला.

"व्हय, भ्या वाटतंच," मालक म्हणाले आणि उठून उभे राहिले. "चल. मी येतो संगं."

दोघं जिना चढून माझ्या शेजारून गेले. मालकांनी वॉर्डाचं दार ढकललं आणि आधी आपण आत पाऊल टाकलं.